उल्हासची जलपर्णी आणि माटुंग्याचे इंजिन

शहाड स्थानक सोडून कसाऱ्याची गाडी आंबिवलीकडे निघाली, की उल्हास नदीचा पूल लागतो. फाल्गुन-चैत्रात या पुलावरून खाली पाहिले तर पुष्कळदा पाणी दिसतच नाही. जाड, तकतकीत पानांचे हिरवे शेत पसरलेले असते आणि त्यावर फिकट जांभळी फुले. नवखा प्रवासी कौतुकाने मोबाइल काढतो. रोजचा प्रवासी मान वळवत नाही. पावसाचे मोठे लोंढे आले की हे शेत तुटून खाडीकडे वाहत जाते, खाऱ्या पाण्यात मरते आणि हिवाळा सरता सरता नदीत पुन्हा उगवते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतली, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी आपल्या प्रकल्पाचा अहवाल घेऊन माझ्याकडे आली. विषय होता, ‘उल्हास नदीतील जलपर्णीपासून बायोगॅस’. “काका, गणितं आमचे सर तपासतील. तुम्ही फक्त इतिहासाचं पान बघा,” असे म्हणून तिने कागद पुढे केले. मी शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला, त्यामुळे सोसायटीत अशी कामे माझ्याकडे येतात. पहिलेच वाक्य होते : ‘भारतातील पहिले बायोगॅस संयंत्र १८५९ मध्ये मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात उभारले गेले.’

हे वाक्य तिचे नव्हते. बायोगॅसवरच्या अनेक पुस्तिका, पाठ्यपुस्तके आणि परदेशी ग्रंथही याच वाक्याने सुरू होतात. तरी मी तारखेखाली पेन्सिलीने रेघ मारली, कारण माटुंग्याचा तो आश्रम माझ्या ओळखीचा होता. ओळख झाली होती पोवाड्यांमुळे. त्या एका रेघेपासून सुरू झालेला शोध शेवटी पुन्हा उल्हासच्या पुलाखालीच येऊन थांबला.

अ‍ॅक्वर्थसाहेबांचा आश्रम

हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ हे नाव मराठी वाचकाला माहीत असते ते शंकर तुकाराम शाळिग्रामांच्या जोडीने. दोघांनी मिळून १८९१ मध्ये ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह प्रसिद्ध केला. गोंधळ्यांच्या तोंडून उतरवून घेतलेले ते पोवाडे त्या वेळी टिपले गेले नसते, तर त्यांतले कितीतरी आज आपल्या हाती नसते. हे अ‍ॅक्वर्थ त्या वेळी मुंबईचे पालिका आयुक्त होते. शहरातल्या रस्त्यांवर भीक मागत फिरणाऱ्या बेघर कुष्ठरोग्यांसाठी त्यांनी माटुंग्याला आश्रम उभारला, तो १८९० मध्ये. आज वडाळ्याला पालिकेचे अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे, ते याच आश्रमाचे पुढचे रूप.

म्हणजे जो आश्रम १८९० मध्ये सुरू झाला, त्यात १८५९ मध्ये गॅस तयार होणे शक्य नाही. शिवाय ज्या बंदिस्त टाकीत हा गॅस धरला गेला, त्या ‘सेप्टिक टँक’ला ते नाव आणि रूप मिळाले १८९५ च्या सुमारास, इंग्लंडमधल्या एक्सिटर शहरात, डोनाल्ड कॅमेरून या अभियंत्याकडून. तिथल्या टाकीतून निघणाऱ्या गॅसवर त्या परिसरात दिवे लावले जात. मुंबईत तेव्हा पालिकेच्या मलनिस्सारण खात्यात सी. सी. जेम्स नावाचे अभियंते होते. पूर्वेकडच्या शहरांतल्या सांडपाण्यावर त्यांनी १९०२ मध्ये ‘ओरिएंटल ड्रेनेज’ हे पुस्तक लिहिले. एक्सिटरची कल्पना मुंबईच्या उष्ण हवेत कशी चालते, हे पाहायला माटुंग्याचा आश्रम सोयीचा होता. वस्ती ठरावीक, पाण्याचा वापर ठरावीक आणि भोवती मोकळी जमीन. तेव्हा खरी तारीख आहे १८९७ च्या आसपासची. गॅस जमा करून त्यावर इंजिन चालवण्याची नोंद येते १९०७ ची.

चाळीस वर्षांची ही चूक एवढी का मनावर घ्यायची, असे त्या मुलीनेही विचारले. माझे म्हणणे असे, की तारीख चुकली की गोष्टीचा अर्थही निसटतो. १८५९ हा आकडा ‘आपण जगात पहिले’ एवढेच सांगतो आणि पुढे काही विचारू देत नाही. १८९७ हे साल मात्र मुंबईच्या प्लेगचे आहे. शहर मरत होते, घाण कुठे जाते हा प्रश्न जिवावर बेतला होता, आणि त्या काळात समाजाने बाहेर टाकलेल्या माणसांच्या वस्तीत मैलापाण्याचे तीन भाग करून पाहिले जात होते : गॅस इंजिनाला, पाणी शेताला आणि गाळ खताला. नदीला किंवा समुद्राला द्यायला मागे फारसे काही उरत नव्हते. माटुंग्याच्या प्रयोगाचे मोल या वाटपात आहे. ते पहिले होते की दुसरे, हा प्रश्न गौण आहे.

दादर, कणकवली, देहू

या वाटपाची आठवण पुढे अधूनमधून जागी होत राहिली. दादरच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात १९३७ च्या सुमारास गाळापासून गॅस मिळू लागला. त्यानंतर लगेच, १९३९ मध्ये, दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. जशभाई पटेलांनी ‘ग्रामलक्ष्मी’ हे तरंगत्या टाकीचे संयंत्र बनवले, आणि साठच्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने ते खेडोपाडी नेले. आपल्या ओळखीचा ‘गोबरगॅस’ तो हाच.

मैल्याला शेणाइतका मान मिळाला नाही, याचे कारण सांगायला नको. तो मिळवून देण्यासाठी झटले ते कोकणचे गांधी, अप्पासाहेब पटवर्धन. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी संडास, खत आणि गॅस यांचा एकत्र विचार केला. त्यांच्या कामातून प्रेरणा घेऊन डॉ. सुहास विठ्ठल मापुसकरांनी देहूला आयुष्य घालवले. तुकोबांच्या गावात घरोघर संडास व्हावेत म्हणून हा डॉक्टर दारोदार फिरला, आणि संडासाला जोडलेले ‘मलप्रभा’ हे गॅससंयंत्र तिथे चालवून दाखवले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्याच देहूच्या पायथ्याची इंद्रायणी आज आळंदीजवळ जलपर्णीने भरलेली दिसते. गावाने सांभाळले ते वरच्या शहरांनी सांभाळले नाही.

बंगालचा धडा

आता जलपर्णीकडे. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली. फुलांच्या मोहापायी ती जगभर नेली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये पोचली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिने पूर्व बंगालचे पाट, खाड्या आणि भाताची खाचरे भरून टाकली. लोक तिला ‘जर्मन पाना’ म्हणत. नाव महायुद्धाच्या काळातल्या अफवांतून आले, पण राग खरा होता. १९२१ मध्ये सरकारने जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९३६ मध्ये बंगालने खास जलपर्णीविरोधी कायदा केला, आणि १९३७ च्या निवडणुकीत तिचे निर्मूलन हे मते मागण्याचे आश्वासन झाले होते.

याच काळात तिच्यातून काही मिळवता येईल का, असा विचार सुरू झाला. तिच्या राखेत पोटॅश भरपूर असते, आणि पहिल्या महायुद्धात जर्मनीहून येणारे पोटॅश बंद पडल्यावर त्या राखेला बाजारात किंमत आली. मग कलकत्ता विद्यापीठातल्या हेमेंद्रकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलपर्णीपासून अल्कोहोल आणि जळाऊ गॅस मिळवण्याचे प्रयोग केले. त्यांचा निबंध इंडियन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात १९२९ मध्ये आला. पाणवनस्पतीपासून इंधन ही कल्पना नव्या शतकाची आहे असे आपण समजतो. ती जवळजवळ शंभर वर्षांची आहे.

त्या प्रयोगांतून कारखाना मात्र उभा राहिला नाही. पहिली अडचण साधी होती. जलपर्णीत दर शंभर किलोंत नव्वद-पंचाण्णव किलो पाणीच असते. ते ओढून काढायचे, वाहून न्यायचे, तोडायचे, आणि मग उरलेल्या पाच-दहा किलोंतून इंधन काढायचे. दुसरी अडचण धोरणाची होती आणि तिच्यावर तेव्हा बंगालमध्ये खरा वाद झाला. एक पक्ष म्हणे, उपयोग शोधा, म्हणजे लोक आपण होऊन ती काढतील. दुसरा म्हणे, जिला बाजारात किंमत आली ती वनस्पती कोणी संपवणार नाही, उलट तिचे रक्षण होईल. हा दुसरा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो.

अमेरिकेतही हे चक्र एकदा फिरले. सत्तरच्या दशकात तेल महागले, तेव्हा ‘नासा’च्या मिसिसिपीतल्या केंद्रात बी. सी. वुल्व्हर्टन यांनी सांडपाण्यावर जलपर्णी वाढवून तिचा गॅस केला. तिथे तिचे मुख्य काम होते पाणी शुद्ध करणे. गॅस हा वरचा फायदा होता. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

शेवाळाचे तेल

जलपर्णीची ही गत, तर शेवाळाचे काय? ते जलपर्णीहून हुशार मानले जाते, कारण त्याच्या काही जाती पेशींत तेल साठवतात. दुसऱ्या महायुद्धात तेलाची टंचाई असलेल्या जर्मनीत १९४२ मध्ये शास्त्रज्ञांनी सूक्ष्म शेवाळापासून चरबी मिळवण्याचा विचार मांडला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षे शेवाळापासून डिझेल काढण्याचा कार्यक्रम चालवला आणि अखेर बंद केला. एक्सॉनमोबिल या तेल कंपनीने २००९ मध्ये गाजावाजा करून शेवाळ-इंधनात उडी घेतली आणि २०२३ मध्ये ती बाहेर पडली. भारताच्या २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणातही शेवाळाचे नाव आहे, आणि माटुंग्याच्याच रसायन तंत्रज्ञान संस्थेत जैवऊर्जेवर मोठे संशोधन केंद्र आहे.

इतक्या प्रयत्नांनंतरही ते तेल पंपावर का आले नाही? प्रयोगशाळेच्या काचपात्रात जी जात तेल देते, ती उघड्या तळ्यात टिकत नाही. हवेतून आलेली रानटी जात तिला हटवते. एक लिटर पाण्यात शेवाळ जेमतेम ग्रॅमभर असते, ते गाळून काढायलाच वीज खर्च होते. शिवाय त्याला नत्र आणि स्फुरद लागते, आणि ते खत विकत आणले तर हिशेब कोलमडतो. कॅलिफोर्नियाच्या विल्यम ऑस्वाल्ड यांनी पन्नासच्या दशकातच यावर उपाय सुचवला होता. शेवाळ सांडपाण्यावर वाढवा आणि त्याचा मिथेन करा. म्हणजे पुन्हा सांडपाणी. जलपर्णी असो वा शेवाळ, माग काढत गेलो की आपण मैलापाण्याच्या नळापाशीच येऊन उभे राहतो.

उल्हासचा हिशेब

उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते. बारवी धरणाचे पाणी तिला येऊन मिळते, आणि जांभूळ, मोहिली, शहाड इथे ते उचलून कल्याण-डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंतची शहरे पितात. त्याच पट्ट्यात नाले तिला मिळतात. वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल नगरपालिका, महापालिका आणि औद्योगिक सांडपाणी केंद्रे यांना दोषी धरून भरपाई भरायला सांगितली. जलपर्णी उगवते ती या नाल्यांतल्या नत्र-स्फुरदावर. अनुकूल हंगामात तिचा पसारा दोन आठवड्यांच्या आसपास दुप्पट होतो. ती नदीची पीक-पाहणी आहे : जिथे ती दाट, तिथे आपला मैला जास्त.

आता त्या मुलीच्या अहवालातला हिशेब मी माझ्या पद्धतीने मांडतो. एक टन ओली जलपर्णी म्हणजे सुमारे साठ किलो कोरडा पाला. किलोला तीनशे लिटर गॅस धरला तर अठरा घनमीटर झाला. एक घनमीटर बायोगॅस साधारण ४५० ग्रॅम एलपीजीचे काम करतो. म्हणजे टनभर जलपर्णीतून आठ किलो एलपीजीएवढे इंधन. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो. एक टेम्पो भरून पाला ओढा, तोडा, कुजवा, तेव्हा सिलिंडर अर्ध्याच्या थोडा वर भरेल.

दुसऱ्या बाजूने पाहू. माणशी रोजच्या मैल्यातून एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर गॅस मिळतो, हे संडास-गॅसचे जुने प्रमाण आहे. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या १२ लाख ४७ हजार होती. गुणाकार केला तर रोज सुमारे ३५ हजार घनमीटर गॅस, म्हणजे अकराशे सिलिंडर. हा कागदावरचा आकडा आहे. फ्लशच्या पाण्यात पातळ झालेल्या मैल्यातून एवढा गॅस कधीच हाती येणार नाही. पण चौथा हिस्सा आला तरी रोज पावणेतीनशे सिलिंडर होतात, आणि तेवढ्यासाठी जलपर्णी रोज जवळजवळ पाचशे टन लागेल.

यात हॉटेलांचा आणि घरांचा ओला कचरा मी धरलेलाच नाही. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी दाखवले, की जिवाणूंना शेणापेक्षा पिष्टमय अन्न फार लवकर पचते. त्यांच्या छोट्या संयंत्राला २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हे संयंत्र स्वयंपाकघरातल्या कचऱ्यासाठीच विकसित केले. कल्याणचे आधारवाडी क्षेपणस्थान २०२१ मध्ये बंद झाले, आणि उंबर्ड्याला ओल्या कचऱ्याचा बायोगॅस प्रकल्प झाला. हेच काम वाढवण्याजोगे आहे.

गॅस काढला की नदीचे भागले, असे मात्र नाही. गॅसमधून कर्ब जातो, नत्र आणि स्फुरद गाळात आणि पाण्यात राहतात. ते शेतात गेले तरच जलपर्णीची उपासमार होईल. माटुंग्याला ते शेतात जात होते. नदीत वाढलेल्या जलपर्णीच्या गाळाचे तसे करता येत नाही, कारण ती शिसे, क्रोमियम, पारा यांसारखे जड धातूही शोषून घेते. कारखान्यांच्या पट्ट्यातल्या नदीवरचा हा गाळ भाजीच्या मळ्यात घालायचा की नाही, हे प्रत्येक वेळी तपासूनच ठरवावे लागेल. आपण घरचा मैला स्वच्छ असताना नदीत सोडतो, तिथे तो रसायनांत मिसळू देतो, जलपर्णीला तो शोषू देतो, आणि मग यंत्रे लावून तोच मैला पानांच्या रूपात, वीसपट पाण्यासकट, बाहेर ओढतो. त्यातून निघालेल्या गॅसला आपण हरित इंधन म्हणतो.

जलपर्णी काढायची नाही, असे माझे म्हणणे नाही. ती काढावीच लागते. पंपांच्या जाळ्यांत ती अडकते, खालच्या पाण्याचा प्राणवायू संपवते. काढून काठावर टाकली तर तिथेच कुजून मिथेन हवेत सोडते आणि तिचे खत पहिल्या पावसात परत नदीत जाते. त्यापेक्षा तिचा गॅस केलेला बरा. पण तो साफसफाईचा जोडधंदा असावा, आणि दरवर्षी घटत जाणारा असावा. ज्या दिवशी एखाद्या प्रकल्पाला वर्षाला अमुक टन जलपर्णी पुरवण्याचा करार होईल, त्या दिवशी नदी घाण राहण्यात कुणाचातरी फायदा असेल. बंगालमधला तो जुना आक्षेप तेव्हा आपल्या दारात उभा राहील. टिकाऊ इंधन म्हणताना नेमके काय टिकवायचे आहे, हे त्याआधी ठरायला हवे.

गच्चीवरचा पिंप

त्या मुलीचा प्रयोग फसला नाही. आमच्या गच्चीवर दोनशे लिटरचा पिंप ठेवला होता. मोहन्याहून पोत्यांतून जलपर्णी आणली, कल्याणच्या एका तबेल्यातले शेण विरजणासारखे घातले. पहिला आठवडा काहीच झाले नाही. देठांतल्या हवेमुळे सगळा पाला वर तरंगत राहिला. मग तिने तो बारीक चिरला. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी नळीच्या तोंडाशी निळी ज्योत धरली. आम्ही त्यावर चहा ठेवला. पाणी उकळले, पण दूध घालण्याआधी ज्योत विझली.

अहवाल देताना तिने पहिले वाक्य बदलले. १८५९ काढून १८९७ घातले आणि खाली पोवाड्यांच्या संग्रहाचा उल्लेख केला, त्यावर तिच्या सरांनी प्रश्नचिन्ह काढले म्हणे. शेवटच्या पानावर मात्र तिने एक परिच्छेद आपल्या मनाने वाढवला होता : या प्रकल्पाचे यश जलपर्णी किती वापरली यावर मोजू नये, ती किती कमी उगवली यावर मोजावे. गुण किती मिळाले ते मी विचारले नाही.

परवा कसाऱ्याला जाताना पुलावर गाडी थोडी रेंगाळली. पाऊस नुकताच संपला होता, पाणी मोकळे होते आणि काठाशी, एका नाल्याच्या तोंडापाशी, हाताच्या पंजाएवढी चार-पाच हिरवी रोपे नुकतीच तरंगू लागली होती.